चाळीसचा खड्डा

“ताई, ही गाडी कायम चाळीसनं कोण चालवायचं ओ?”

वायरमनने हे विचारलं तेव्हा तो कमरेपर्यंत बॉनेटमध्ये घुसलेला होता आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर अधांतरी धरून बसले होते. ऑगस्टचा सातारी पाऊस नुकताच उघडला होता, पण शेडचा पत्रा अजून ठिबकत होता आणि ओल्या मातीच्या, ग्रीसच्या, कुठेतरी तळल्या जाणाऱ्या भज्यांच्या वासांची सरमिसळ झाली होती. मी “वडील” एवढंच म्हणाले. तो “वाटलंच” म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. तो अण्णांना ओळखत नव्हता. गाडी त्याच्याकडे येऊन पाऊण तासही झाला नव्हता. स्पीडोमीटरकडे तर त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि तरी त्याने अण्णांचा पाय ओळखला. बिल देऊन, गाडी घेऊन मी घरी आले, पुण्याला परतले, गणपती झाले, नवरात्र झालं. तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रश्न साधाच होता. खटकत होतं ते हे, की माझ्या वडिलांबद्दलची एक गोष्ट एका परक्या माणसाला एका काट्यावरून कळली आणि आम्हाला ती दीड वर्ष कानीकपाळी ओरडून सांगितली जात असूनही कळली नव्हती.

अण्णा २००६ मध्ये रिटायर झाले. ज्युनियर कॉलेजात बत्तीस वर्षं फिजिक्स. फंडाचे पैसे आल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली आणि एकमेव गाडी घेतली, एमएच ११ची पांढरी हॅचबॅक. तोवर स्कूटर होती. गाडी आली त्या दिवसापासून तिचा काटा चाळीसवर जो स्थिरावला तो स्थिरावलाच. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना चाळीस, यवतेश्वरला चाळीस आणि हायवेलाही डावी लेन धरून चाळीस. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे. उसाच्या ट्रॉलीने आपल्याला ओव्हरटेक केल्याचा किस्सा माझा भाऊ प्रत्येक लग्नात सांगतो, आणि तो खोटा नाही. गाडीत बसलं की अण्णा उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे. अनवाणी पायाचा अंगठा पॅडलवर असा टेकवायचे, जणू खाली कुणी लहान मूल झोपलंय. “पाय कळला पाहिजे,” म्हणायचे. कोणाला, ते कधी सांगितलं नाही. एकोणीस वर्षांत गाडी एकाहत्तर हजार किलोमीटर चालली. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये पासिंग करून घेतलं तेव्हा आरटीओतला माणूसही म्हणाला, गाडी नव्यासारखी ठेवलीय सर.

मग गेल्या वर्षी, एका संकष्टीला खिंडीतल्या गणपतीला जाऊन आल्यावर अण्णा म्हणाले, “गाडी मधेच आवंढा गिळते.”

हे शब्द मला लख्ख आठवतात, कारण मी हसले होते. आवंढा गिळते म्हणजे काय, तर एका लयीत चाललेली असताना क्षणभर थबकते, मान पुढे जाते, आणि लगेच काही झालंच नाही अशी पुन्हा चालू लागते. आई शेजारच्या सीटवर बसते. तिचं म्हणणं, गाडीला उचकी लागते. दोघांचे शब्द वेगळे, पण वर्णन एकच. अण्णांनी नेहमीच्या गॅरेजला दाखवली. तिथल्या पोराने दुसऱ्या गिअरवर गुरगुरत कॉलनीला एक चक्कर मारली, ब्रेक दाबून धूळ उडवली आणि म्हणाला, काही नाही काका, एकदम ओके. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या पोराने अण्णांच्या मागे माझ्या भावाला फोन केला. म्हणाला, “दादा, गाडीत काही नाही. काकांचा पाय थरथरत असेल.”

आणि आम्हाला ते पटलं. किती पटकन पटलं, हे आज लिहिताना बोटं अडखळतात. अण्णा सत्त्याहत्तरचे. शुगर आहे. शुगरने तळपायाची जाणीव कमी होते हे मी कुठेतरी वाचलेलं होतंच; ते लगेच हाताशी आलं. भावाने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर प्रतिक्षिप्त क्रिया, वय, हायवे यांवर एक छोटंसं भाषण दिलं. त्यातच मार्चमध्ये गाडी आत घेताना अण्णांनी डावा आरसा फाटकाच्या खांबाला घासला. आरशाची काच तडकली, खांबाचा चुना दारावर उमटला. झालं, पुरावाच मिळाला. अण्णांचं लायसन्स अजून दोन वर्षं चालणारं आहे, डॉक्टरांनी तपासून फॉर्मवर सही केलेली आहे, पण घरच्यांच्या आरटीओपुढे त्याचं काय चालतं! “तुम्हाला रिक्षा लावून देते महिन्याची,” मी म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. चावीच्या रिंगमधून घराची चावी काढून घेतली, नखाने रिंग उघडायला त्यांना वेळ लागला, आणि गाडीची चावी माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “हवा तीस ठेव. आणि तो आवंढा बघून घे.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी पण सांगत होते.” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तिला कुठे गाडी येते!

गाडी पुण्यात आली आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी सिंहगड रोडला, संध्याकाळच्या गर्दीत, पुढच्या बसमागे रांगत असताना तिने आवंढा गिळला. अगदी तोच शब्द मनात आला. पाय स्थिर, रस्ता सपाट, आणि गाडीच्या पोटात काहीतरी क्षणभर सुटलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय मोकळा पडतो, तसं. मागच्या स्कूटरवाल्याने शिवी हासडली. मी स्वतःशी म्हणाले, आपणच क्लच नीट सोडला नसेल. म्हणजे बघा, दुसऱ्याच्या पायावर घेतलेला संशय आता माझ्याच पायावर येऊन बसला, पण गाडीवर काही गेला नाही. त्यानंतर रोज एखाद-दोनदा तरी व्हायचं. अण्णांचा फोन यायचा, “गाडी बरी आहे ना?” मी सांगायची, “मस्त आहे अण्णा.” पाच महिने सांगितलं.

पुण्यातल्या गॅरेजांचं पुराण मी लांबवत नाही, ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याला ते पाठ आहे. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने प्लगच्या वायरी आणि फ्युएल फिल्टर बदलला आणि जुना फिल्टर माझ्या हातात देऊन “कचरा बघा मॅडम किती” म्हणाला, कचरा होताच. तिसऱ्याने थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा भाग, खोलून कार्बन साफ केला, चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा आवंढा. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर तर सगळ्यांचंच एकमत होतं. सध्या गाडीचं काहीही दुखलं की बिल इथेनॉलच्या नावावर फाटतं. जुन्या गाड्यांना त्याचा त्रास होत नाही असं मी म्हणत नाही, पण इथेनॉल रोज ठरावीक जागीच कसं अडखळेल, हे विचारायची सोय नव्हती. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये एसी वेटिंग रूम, कॉफी आणि स्कॅनर असं तिन्ही होतं. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही, डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा कधी लागलेलाच नव्हता. जॉबकार्डावर टाइप केलं होतं, ‘गाडी चालवून पाहिली, दोष आढळला नाही’. सुपरवायझर अगदी सौजन्याने म्हणाला, “मॅडम, हाफ क्लचची सवय असली की असं वाटतं कधीकधी.” वीस वर्षं गाडी चालवतेय मी. घरी येईपर्यंत रागाने कान तापले होते. आणि कात्रजच्या चौकात सिग्नलला उभी असताना एकदम लक्षात आलं, की हाच मुलगा, हेच सौजन्य, हेच वाक्य; फक्त मॅडमच्या जागी काका.

एक खूण मात्र माझी मीच शोधली होती आणि तिचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी एकदाही अडखळली नाही. चढाला पाय पुरा दाबलेला, गाडी गुमान चढली. उतरून सपाटीला लागले, पुढे टँकर होता म्हणून पाय सैल केला, आणि आवंढा. इंजिनात दम नसता तर घाटात जीव गेला असता. म्हणजे दुखणं ताकदीचं नव्हतं, हलक्या पायाचं होतं. हे मी सर्व्हिस सेंटरमध्येही सांगितलं होतं. त्याने ‘ओके’ म्हणून लिहूनही घेतलं होतं. कुठे, कोण जाणे.

साताऱ्यात भावाच्या मित्राने या वायरमनचं नाव सुचवलं. एमआयडीसीकडे जाताना उजव्या हाताला पत्र्याची शेड, बोर्डावरचा रंग उडालेला. साठीचा गृहस्थ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी घाटाचं सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “घाटात नाही ना करत? मग पेट्रोलचं सोडा,” म्हणाला. पाना हातात घेतला नाही, बॉनेट उघडलं आणि नुसता बघत राहिला. थ्रॉटल बॉडीच्या कडेला काडेपेटीपेक्षा लहान असा एक काळा प्लॅस्टिकचा तुकडा दोन स्क्रूंनी धरलेला असतो, त्याला तीन वायरींचा कपलर. आपण ॲक्सिलरेटर दाबतो, केबल ओढली जाते, हवेची झडप उघडते, आणि झडप किती उघडली हे हा तुकडा गाडीच्या कंप्युटरला सांगतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर. गाडीतला एवढासा चहाडखोर.

त्याने आधी कपलरच्या पिना बघितल्या. पावसाळ्यात हिरवट काट चढतो म्हणे. चढला नव्हता. इंजिन चालू ठेवून वायरी हलवल्या, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर टकटक केली. इंजिनचा सूर बदलला नाही. मग “चावी ऑन ठेवा, इंजिन बंद करा,” म्हणाला आणि कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, एक टाचणी आत सरकवली. सत्यनारायणाच्या पूजेला विड्याचं पान लावावं इतक्या अलगद. तीनपैकी एका वायरीवर पाच व्होल्ट यायला हवेत, आले. दुसरीवर अर्थिंग, तेही घट्ट होतं. “ही दोन बघितल्याबिगर तिसरीला बोल लावायचा नाही,” तो त्याच्या पोऱ्याला म्हणाला, मला नाही, पण मीच ते लक्षात ठेवलं. तिसरी वायर सिग्नलची. पाय उचललेला असताना अर्धा व्होल्ट, पुरा दाबल्यावर साडेचारच्या आसपास, आणि मधे कुठेही न तुटता चढत गेला पाहिजे. पोऱ्याने डिजिटल मीटर लावला. मी पॅडल दाबत गेले, आकडे चढत गेले, पॉइंट सहा, पॉइंट सात, एक, दीड, तीन, साडेचार. सगळं बरोबर. पोऱ्या म्हणाला, “सेन्सर चांगलाय.”

वायरमन काही बोलला नाही. आत जाऊन फळीवरून एक डबा घेऊन आला, त्यात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला काट्याचा मीटर. काचेला कोपऱ्यात तडा. “ह्यो आकडेवाला सेकंदातनं दोन-तीनदाच बघतो,” तो म्हणाला, “मधल्या वक्ताला काय झालं ते त्याला ठावं नसतं. काट्याला झोप नाही.” पुन्हा टाचण्या लावल्या. “दाबा ताई. हळू. अजून हळू. तसं नाही ओ, पेन्शनरावानी दाबा.”

आणि मी, का कुणास ठाऊक, चप्पल काढली. अनवाणी अंगठा पॅडलवर टेकवला आणि अण्णा दाबायचे तसं नखभर दाबलं. काचेतून मला बॉनेटच्या फटीत मीटरचा कोपरा दिसत होता. काटा मुंगीच्या पावलाने वर सरकत होता, आणि पॉइंट नऊपाशी तो दचकला. झोपेतल्या माणसाचा पाय उडतो तसा एकदम खाली पडला आणि त्याच क्षणी जागेवर आला. “परत,” वायरमन म्हणाला. परत दाबलं, परत तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. पॉइंट नऊ सोडला तर खाली सगळं सरळ, वर सगळं सरळ. वायरमनने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, पोऱ्याकडे बघितलं, मग मला तो प्रश्न विचारला.

कारण सरळ आहे, त्याने दोन वाक्यांत सांगितलं. त्या डबीत कार्बनची एक कमानीसारखी पट्टी असते आणि तिच्यावरून एक पत्ती घासत फिरते. आपला पाय जिथे जास्त वेळ असतो, तिथेच ती पत्ती जास्त घासते. एकोणीस वर्षं गाडी चाळीसवर चालली, तर पट्टी चाळीसवरच झिजणार. तिथे खड्डा पडला, की पत्ती त्या खड्ड्यात येताच क्षणभर अधांतरी होते, सिग्नल तुटतो. कंप्युटरला वाटतं, पाय उचलला. तो पेट्रोल आवरतो. तेवढ्यात पत्ती पलीकडे टेकते, कंप्युटरला वाटतं पाय पुन्हा दाबला, तो पेट्रोल सोडतो. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत माणसाची मान पुढे जाते. दिवा का लागत नाही, तर एवढ्या चुटपुटत्या तुटण्याला कंप्युटर दोष मानत नाही. काही काळ टिकलं तरच तो नोंद ठेवतो. आणि गॅरेजच्या पोराला का सापडलं नाही, तर त्या पोराचा पाय आयुष्यात कधी पॉइंट नऊवर थांबलेला नाही.

हे ऐकताना मला आमच्या जुन्या रेडिओचं बटण आठवलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या अण्णा ठरलेल्या आवाजात ऐकत. शेजाऱ्यांना त्रास नको आणि आईला ओट्यापाशी ऐकू यावं, इतका. बटणावर जणू त्या आवाजाची जागा ठरलेली. काही वर्षांनी नेमकी तीच जागा खरखरायला लागली. जरा मोठा केला की स्वच्छ, जरा लहान केला की स्वच्छ, आणि अण्णांच्या जागेवर आलं की कांदा परतल्यासारखा आवाज. “मग थोडा मोठा ठेवा ना,” आम्ही म्हणायचो. ते ठेवायचे नाहीत. खरखरीतून बातम्या ऐकायचे. आतला भाग तोच, पट्टी आणि पत्ती, फक्त इथे गाडीला लावलेला. आता म्हणे नव्या गाड्यांत घासणारं काही ठेवतच नाहीत, लोहचुंबक फिरतो आणि समोरची चिप न शिवता त्याचा कोन ओळखते. शिवाय एकाच्या जागी दोन सिग्नल. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत, तर गाडी खरं कोण हे ठरवायच्या फंदात पडत नाही, दिवा लावते आणि कशीबशी घरी पोचण्याइतकीच ताकद देते. चांगली सोय आहे. आमच्या घरात दोन साक्षीदार होते, दोघांच्या साक्षी तंतोतंत जुळत होत्या, आणि तरी.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून आला. दोन हजारांच्या आत. बसवायला वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मिनिटं वायरमन सेन्सर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत मीटर बघत होता, कारण पाय उचललेला असतानाचा अर्धा व्होल्ट बरोबर जुळला नाही तर गाडी स्लोला रेंगाळते नाहीतर उगाच गुरगुरते. बॅटरीची तार काढून दहा मिनिटं ठेवली, पुन्हा जोडली. मजुरीचे तीनशे रुपये घेतले. मी गाडी वाढे फाट्यापर्यंत नेली, मुद्दाम चाळीसने, मुद्दाम अंगठ्याने. गाडी तेलाच्या धारेसारखी चालली. मला वाटलं होतं बरं वाटेल. मला राग आला. इतकं साधं होतं, म्हणून.

जुना सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वायरमनने माझ्याजवळ दिला होता. घरी जाताना तो शेजारच्या सीटवर होता आणि मी तो अण्णांना दाखवायचा की नाही याचा हिशेब मांडत होते. दाखवला तर कबूल करावं लागणार. आणि एक अडचण होती, जी लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. फाटकाला आरसा घासला तो काही सेन्सरमुळे नव्हता. त्याहून वाईट, एप्रिलमध्ये आईने मला फोनवर, हळू आवाजात, अण्णा अंघोळीला गेलेले असताना सांगितलं होतं की शाहूपुरीच्या वळणावर अण्णांना एक दुचाकीवाला दिसलाच नव्हता. ती ओरडली म्हणून निभावलं. तेव्हा गाडी मी नेलेली होती, म्हणजे ती आधीची गोष्ट सांगत होती, इतके दिवस पोटात ठेवलेली. म्हणजे आम्ही चावी काढून घेतली ती चुकीच्या कारणासाठी. पण बरोबर कारण नव्हतंच असंही मला म्हणता येत नाही. या दोन गोष्टी अजून माझ्या डोक्यात एकमेकींशी बोलत नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर मी पिशवी टेबलावर, गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवली. म्हटलं, “अण्णा, आवंढा.”

त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. पेपर वाचायचं भिंग आणलं, खणातून बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला. डबी चिकटवून बंद केलेली असते. त्यांनी कडेने टोक घालून, हात थरथरत असूनही, झाकण उचकटलं. आत काळीभोर कमान. तिच्यावर पत्तीने काढलेली चकचकीत रेघ, आणि एका टोकापासून थोड्या अंतरावर ती रेघ रुंद होऊन मधे फिक्कट ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. अण्णा भिंगातून तो ठिपका बराच वेळ बघत होते. बारावीच्या प्रॅक्टिकलला पोटेन्शिओमीटर असायचा, लाकडी फळीवर ताणलेली मीटर-मीटरची तार, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईल ती जागा शोधायची. पोरं कंटाळून जॉकी, म्हणजे तारेवर टेकवायची धातूची पट्टी, तारेवरून खर्रकन ओढत न्यायची आणि अण्णा लॅबच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, घासू नका, टेकवा! तार झिजली की प्रत्येक इंचाचा रेझिस्टन्स वेगळा होतो, मग पुढच्या बॅचचं उत्तर चुकतं. मी त्यांच्याच कॉलेजात होते, मीही ओरडा खाल्लेला आहे. अण्णांनी बोटाने पत्ती त्या ठिपक्यावरून पुढे-मागे केली.

“जॉकी घासली,” ते म्हणाले. “मीच घासली.”

आई भांडी आवरत होती, ती थांबली.

“तुला किती दिवस होत होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाच महिने. त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मग बोलली नाहीस?” आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते, एखाद्या हुशार मुलीचं रीडिंग कसं चुकलं हे विचारावं तसं. मी काहीतरी बोलले, ऑफिस, वेळ, गॅरेजवाले. ते मान हलवत राहिले. मग सेन्सर पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, त्यांनी तो खणात जुन्या चष्म्यांबरोबर ठेवला. आमच्या घरात काही टाकलं जात नाही. झोपायला जाण्याआधी मी गाडीची चावी पर्समधून काढली आणि दाराजवळच्या खुंटीला, पूर्वी असायची तिथे, अडकवली. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझंच काही ठरलेलं नव्हतं.

सकाळी जाग आली ती रेडिओने नाही, बातम्या होऊन गेल्या होत्या. बाहेर अण्णा जुन्या बनियनच्या फडक्याने गाडीची काच पुसत होते. खुंटी रिकामी. इंजिन चालू झाल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ नुसती घरघर, आणि मग तो आवाज हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलाने वर चढायला लागला. मी अंथरुणातच श्वास धरून ऐकत होते. आवाज त्या जागेवर आला, त्या जागेवरून गेला, कुठेही न अडखळता वर पोचला. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. तीनदा. मग पुन्हा घरघर. आईने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “लोळतेस काय, फाटक उघड जा.”

आमचं फाटक दोन दारांचं आहे, लोखंडी, पावसात फुगल्यासारखं जड होतं. अण्णा गाडीत बसलेले, काच खाली, डाव्या आरशाला मी लावलेली खाकी टेप अजून तशीच. मी एक दार उघडून मागे विटेला अडकवलं. दुसरं उघडलं आणि डाव्या खांबाला, आरसा घासला होता त्याच खांबाला, पाठ टेकवून उभी राहिले. गाऊनला मागून ओला चुना लागत होता. मग हात हलवून म्हणाले, “या. सावकाश या.”